जनरलच्या मुलाची शिडी

वर्कशॉपातला लोखंडाचा कीस कितीही झाडा, दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेवढाच साचतो. जनरलच्या मुलाचे, आमच्या गिदोनचे, किस्से तसेच. एक सांगून हुश्श करावं, तर दुसरा हजर! मी शाळेत गेलो तो दुसरीपर्यंत. वेल्डिंग मुंबईच्या गोदीत शिकलो आणि इकडे इस्रायलमध्ये अश्दोदच्या बंदरात त्याच्यावरच घर चालवलं. तेव्हा आपलं हळूहळू सांगतो.

*

सदुसष्टच्या लढाईनंतरची वर्षं ती. जनरलसाहेबांचा फोटो दुकानादुकानांत! त्यांचा मुलगा आमच्याकडे कामाला येणार म्हणून मॅनेजरने शेडच्या दाराला रंग मारला, टेबलावर फुलं ठेवली. सकाळी सँडल घातलेला एक काटकुळा तरुण आला. मला वाटलं, नवा झाडूवाला. दिला झाडू हातात!

तासाभराने मॅनेजर धापा टाकत आला. "आले का जनरलचे चिरंजीव?"

"आलो ना," तो म्हणाला. "एवढा कोपरा उरकतो!"

*

एकदा भर उन्हाळ्यात गिदोन कानटोपी घालून आला. काढायलाच तयार नाही! शेवटी मीच ओढली. बघतो तर हुबेहूब बापासारखे केस, बारीक, चौकोनी! न्हाव्याने आरशावरचा फोटो बघून न विचारता कापले होते.

"काका, मी फक्त मागून थोडे म्हटलं होतं हो!"

*

पण बापलेक दोन वर्षं बोलत नव्हते. आजोबांपासून घरात सगळे फौजेतले, आणि याने सक्तीची लष्करी नोकरी संपल्यावर ऑफिसर व्हायला नकार दिला. माझ्या डब्यातली चपाती तोडत एकदा म्हणाला, "काका, त्यांनी एकदाच माझं काम बघावं. मग शिव्या घातल्या तरी चालतील."

मी घरी सांगितलं. आमची बायको हन्नाबाय लगेच आम्हा ज्यूंच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला, एलियाहू हनबीला, नवस बोलली, बाप आला आणि पोराशी बोलला तर मलिदा करीन!

गिदोनने विचारलं, "मलिदा म्हणजे काय?"

"गूळ-खोबरं घातलेले भिजवलेले पोहे, फळं आणि प्रार्थना. नवस फळला की करतात."

"मग पोहे आत्ता आणू नका, काका. किडे होतील!"

*

आणि एक दिवस जनरलसाहेब खरंच आले! म्हणजे बंदर बघायला. त्यांना क्रेनवर चढायचं होतं. शिडी नवी, गिदोनने एकट्याने जोडलेली.

मॅनेजर आडवा आला. "सर, शिडी अजून तपासलेली नाही..."

"कोणी केली?"

मागून आवाज आला, "मी."

साहेबांनी टोपी काढून मुलाच्या हातात दिली आणि सरसर वर गेले! सगळ्यांच्या माना वर. उतरले, तळहात चोळले. "पायऱ्या खरखरीत आहेत."

"मुद्दाम केल्यात," गिदोन म्हणाला. "समुद्राच्या ओलीने बूट घसरतात. पायरीवर वेल्डिंगचे दाणे सोडले की पाय धरतो. काकांची रीत आहे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि पुन्हा शिडी चढू लागले! या खेपेला सावकाश, एकेका पायरीवर हात फिरवत.

"सर, वेळ झाली!" मॅनेजर खालून ओरडतोय, ऐकतो कोण! टोकाला पोचून साहेबांनी खाली हाक मारली,

"गिदी! वर ये!"

गिदोनने टोपी माझ्या हातात कोंबली आणि धावला. वर दोघं क्रेनवर, खाली मी जनरलची टोपी घेऊन उन्हात उभा!

मॅनेजर माझ्या कानाशी आला. "आता काय करायचं हो, काका?"

मी म्हटलं, "माझ्या घरी फोन लाव. हन्नाबायला सांग, पोहे भिजत घाल!"