अंगठ्यासाठी केलेलं कोकरू

परवा साताऱ्याच्या बाजारात नव्या घोंगडीचा वास आला आणि मी मनाने थेट काही वर्षांमागच्या, सांगलीच्या एका बँकेत जाऊन पोचलो. आटपाडीकडच्या एका मेंढपाळ बाईंच्या लेकीला दिव्यांगांचं अनुदान मंजूर झालं होतं. ते जमा व्हायला तिचं खातं हवं आणि खात्यासाठी तिचा अंगठा. पण जन्मापासून हात आखडलेल्या त्या चिमुरडीने यंत्र पाहताच मूठ आणखी घट्ट केली. "अंगठा नाही तर खातं नाही," म्हणत कारकून तिची बोटं ओढू लागला. "आवं, वढू नगा, आनिकच आवळती ती!" आई कळवळली. "घरी कोकराला दाणं चारायला तेवढी उघडती मूठ." कागदपत्रांच्या मदतीला त्यांच्यासोबत आलेला मी गावच्या नाटकांतला जुना नट, ही संधी सोडतोय होय? तिथंच फरशीवर गुडघे टेकले आणि भुकेल्या कोकरासारखा "बेंऽऽ" करून असा ओरडलो, की साहेब केबिनमधून धावत आले. "मेंढरू कुणी आत सोडलं?" पोरगी खुदकन हसली आणि तिने उघडा तळहात माझ्या तोंडापुढे धरला. कारकुनाने अलगद तिचा अंगठा यंत्रावर टेकवला. हिरवा दिवा लागला. "भाऊ, लय गुणाचं कोकरू हाय तुमी," आई डोळे पुसत म्हणाली. आजही अशा कामाला निघताना मी कागद नंतर बघतो, आधी घसा साफ करतो.