चेहऱ्यावरचं तेज

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. दूधवाल्याच्या चरवीत बोट बुडवून पाहिल्याशिवाय मी दूध घेत नाही आणि देवळात हात जोडले तरी माझं अर्धं लक्ष बाहेरच्या चपलांकडे असतं. त्या वर्षी तर या स्वभावाला ऊतच आला होता. नवा मध्यप्रदेश नुकताच झाला होता. आमच्या बऱ्हाणपूरच्या कचेरीचे कागद नागपूरऐवजी भोपाळला जाऊ लागले होते आणि मराठीत टिपणं लिहिणाऱ्या आम्हा कारकुनांचं पुढे काय होणार, कोणालाच ठाऊक नव्हतं. नवे साहेब हसून बोलले तरी मला वाटे, हा माणूस माझ्या बदलीचा कागद खणात ठेवूनच हसतोय.

देवाशीही मी काही फार मोकळेपणानं वागत नव्हतो. माझी सात वर्षांची शकू डांग्या खोकल्यातून उठली होती, पण तिचा श्वास काही सावरेना. चार पायऱ्या चढली की भिंत धरून उभी राही. चेहरा पांढराफटक. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. मला त्यांचाही भरवसा वाटेना, म्हणून मार्गशीर्षात पोथीच्या सात दिवसांच्या पारायणाचा नवस बोललो. बोलतानाही मनात होतंच, की एवढं करून गुण आला नाही तर काय.

आमचं देवघर म्हणजे मागची एक अंधारी खोली. तिची एक भिंत शेजारच्या घराला लागून होती आणि त्या भिंतीत उंचावर वीतभर झरोका होता. पलीकडे जेठीबाई राहायची. फाळणीनंतर सिंधमधून आलेली विधवा बाई, पापड लाटून पोट भरणारी. पहिल्याच दिवशी पहाटे वाचायला बसलो, तर झरोक्यापलीकडे सावली हलली. दुसऱ्या दिवशीही तेच. माझी खात्रीच पटली, की बाईचा डोळा देवांच्या चांदीच्या टाकांवर आहे. तिसऱ्या दिवशी मी जुन्या गोधडीचा बोळा करून झरोक्यात गच्च ठोकून बसवला. दाराला आतून कडी घातली. शेजारी शेगडी ठेवली. लाकडी कोळसा चांगला फुललेला होता, धूर अजिबात नव्हता. धूर नाही म्हणजे काळजी नाही, असं मी समजत होतो.

त्याच दिवसापासून मला अनुभव येऊ लागले. वाचता वाचता कानात बारीक घंटा वाजायची. अक्षरं ओळीतून उचलल्यासारखी तरंगायची. अंग हलकं व्हायचं. डोकं दुखायचं, मळमळायचं, पण तपाला एवढा त्रास व्हायचाच, असं मी धरून चाललो. बाहेर आलो की ही म्हणायची, “अहो, तुमच्या चेहऱ्यावर कसं तेज आलं हाय!” आरशात पाहिलं तर खरंच गाल लाल दिसत. कचेरीतला शिपाई पाया पडला. त्याला रजा हवी असणार हे मी ओळखलं, तरी पाय मागे घेतले नाहीत. साऱ्या जगावर संशय घेणारा मी, त्या तेजावर मात्र एकदाही घेतला नाही.

सातव्या दिवशी, समाप्तीला, शकूला शालीत गुंडाळून जवळ बसवलं. वारं लागू नये म्हणून दाराच्या फटीतही फडकं खुपसलं. वाचन बरंच पुढे गेल्यावर तिच्याकडे पाहिलं, तर कित्येक महिने पांढरे असलेले तिचे गाल गुलाबी झाले होते! देवानं ऐकलं, असं वाटलं. तेवढ्यात ती म्हणाली, “बाबा, डोकं दुखतं.” मी म्हणालो, “थोडंच राहिलंय बाळ, मधे उठू नये.” हे वाक्य आजही मला झोपू देत नाही. तिनं माझ्या मांडीवर डोकं टेकलं. मी वाचत राहिलो. नंतरचं मला काही आठवत नाही.

पुढचं हिनं सांगितलं. बाहेर नुकतं उजाडलं होतं. जेठीबाई पिठाच्या हातांनीच धावत आमच्या घरात शिरली आणि ओरडू लागली, “बाबूजी का पाठ बंद हो गया! दरवाज़ा खोलो!” ही गोंधळली. “माई, आज समाप्ती हाय. मधी उघडता येत न्हाई. अन् तुम्ही तं शिवू बी नका, सोवळं हाय.” जेठीबाई म्हणाली, “पाठ कोई बीच में छोड़ता है क्या? हट जा, बेटी!” तिनं खांद्यानं दार रेटलं. दोन धक्के, तीन धक्के, आणि कडी निखळली. आधी तिनं शकूला उचलून अंगणात नेलं, मग दोघींनी मिळून मला ओढलं.

डोळे उघडले तेव्हा मी अंगणात आडवा होतो आणि जेठीबाईच्या मांडीवर माझी पोर निपचित पडली होती. माझ्या तोंडून पहिले शब्द निघाले ते असे: “या बाईनं काय खायला घातलं पोरीला?” लिहितानाही लाज वाटते, पण खरं ते लिहिलं पाहिजे. जेठीबाई पदरानं शकूला वारा घालत राहिली.

टांग्यातून दवाखान्यात नेलं. शकूच्या नाकाशी प्राणवायूची नळी लावली. त्या लोखंडी नळकांड्यात नक्की काय भरलंय, हेही मी दोनदा विचारलं. डॉक्टर वयस्कर होते. ते रागावले नाहीत, त्यांनी समजावून सांगितलं. फुफ्फुसात अगदी बारीक पिशव्या असतात, त्यांच्या पातळ पडद्यापलीकडून रक्त वाहतं. रक्तातले तांबडे कण म्हणजे आपल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातले हमाल. फुफ्फुसातून प्राणवायूचं ओझं उचलायचं आणि अंगभर जागोजागी उतरवायचं. शरीरात तयार झालेला टाकाऊ वायू बराचसा रक्ताच्या पाण्यात विरघळून परत येतो आणि उच्छ्वासातून बाहेर जातो. “पण बंद खोलीत कोळसा जळला की एक विषारी वायू निघतो. त्याला ना वास, ना रंग. तो हमालाच्या पाठीवर बसला की सहजी उतरत नाही. मग प्राणवायूला जागाच उरत नाही. अशा रक्ताचा रंग कधी कधी जास्तच लाल दिसतो.” मग ते म्हणाले, “प्राणवायू हलकेच बसतो आणि हवा तिथे सुटतो, म्हणून आपण जगतो. नुसतं घट्ट धरून काही उपयोग नाही.”

म्हणजे माझं तेज ते हे!

दुपारी शकूनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. जेठीबाई सकाळपासून दवाखान्याच्या पायरीवर बसून होती. मी तिच्याजवळ गेलो आणि विचारलं, तुम्हाला कळलं कसं? ती संकोचली. “मैं तो रोज़ सुनती थी. स्टूल पर चढ़ के. समझ में आधा ही आता था, पर अच्छा लगता था. हमारा तो घर का मंदिर, पोथी, सब उधर ही रह गया. आपने कपड़ा ठूँस दिया तो दीवार से कान लगा के सुनती थी. बुरा मत मानना, बाबूजी.”

माझ्याच्यानं मान वर करवेना. तिथे पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, मी तिच्या पाया पडलो. ती “अरे, अरे” करत मागे सरकली.

याला कोणी योगायोग म्हणेल, कोणी कृपा. मी वाद घालत नाही. एवढंच जाणतो, की मी देवाला आत कोंडून बसलो होतो आणि तो पिठाच्या हातांनी बाहेरून दार रेटत होता.

संशय लगेच गेला असं मात्र नाही. शकू घरी आल्यावर तिच्या श्वासावरही माझा भरवसा बसेना. ती दुपारी झोपली की मी उशाशी बसून तिच्या नाकाखाली बोट धरून ठेवी. श्वास आला की जीव भांड्यात पडे, पुढचा येईपर्यंत पुन्हा धाकधूक. असे चारपाच दिवस गेले. एका दुपारी ती डोळे न उघडताच म्हणाली, “बाबा, बोट काढा ना. मी घेते श्वास.”

मी बोट काढून घेतलं. रिकामे झालेले दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटून तसाच बसून राहिलो.