उमसुनायचा चपान

घोडीचं दूध काढायचं तर एक गुडघा जमिनीला टेकवायचा, दुसरा उभा ठेवून त्यावर चरवी तोलायची आणि एक हात घोडीच्या मागच्या पायाला वळसा घालून आत न्यायचा. उमसुनायने हे चाळीस उन्हाळे केलं, दिवसातून सहा वेळा. एकेचाळिसाव्या उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणात तंबू उभा राहून आठवडाही झाला नव्हता, तोच टेकलेला गुडघा उठेना. तिला दोघांनी धरून उभं केलं.

"उद्यापासून जिपार काढेल दूध," तिचा मुलगा एमिल म्हणाला.

"जिपार पाव भाजते," उमसुनाय म्हणाली. सून शहरातली, बेकरीवाल्याची लेक. "घोडीला काय पाव चारणार आहे?"

पण बोलून गुडघा वाकत नाही. जिपार बसली. पहिल्या दिवशी करड्या घोडीने चरवी उधळली, दुसऱ्या दिवशी पान्हा चोरला. करडी अडली की बाकीच्या सहाजणीही अडतात. असं आठवडाभर चाललं तर सड आटणार आणि वर्षभराच्या कुमिसवर, त्या आंबवलेल्या दुधावर, पाणी सोडायचं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल.

"आपा, तुमचा चपान द्या ना," जिपार म्हणाली. "तुमचा वास आला तर पान्हा सोडेल ती."

"माझ्या सासूने तिचा चपान मला कधी दिला माहीत आहे? तिला पुरून आल्यावर."

तो हाच चपान. जाड, रजईसारखा शिवलेला डगला, कोपरांवर सात ठिगळं. घोड्यांसाठी म्हणून कधी धुतलेला नव्हता. त्या घरात तो अंगावर असे तोवर बाई कामाची. उतरला की नुसती म्हातारी, चुलीशी बसून लोकर पिंजणारी. उमसुनायला त्या उतरण्याची भीती वाटत होती, आणि भीती वाटली की ती जास्त टोचून बोलायची.

तिसऱ्या दिवशी ती तंबूच्या दारात बसून बघत होती. लाथ लागून जिपारचं मनगट काळंनिळं झालेलं. तरी पोरगी पुन्हा बसली, शिंगरू पुढे आणलं, त्याला दोन घोट पिऊ दिले, बाजूला केलं आणि हात घातला. करडी फुरफुरून सरकली. जिपारही तशीच गुडघ्यावर सरकली.

"ए पाववाली!" उमसुनायने हाक मारली. चपान काढून तिने तिच्याकडे फेकला. "घे. आणि माझी बोटं अजून शाबूत आहेत म्हणावं एमिलला, मला लोकर देऊ नकोस. ढवळणं माझ्याकडे."

त्या दिवशी करडीने पान्हा सोडला. उन्हाळाभर जिपारने दूध काढलं आणि उमसुनायने ते कातडी पिशवीत ढवळलं. कुमिस नेहमीपेक्षा चांगलं झालं, हे एमिल एकदाच बोलला. पुन्हा बोलायची हिंमत झाली नाही.

पहिला बर्फ खिंडीवर दिसला, हंगाम संपून घोड्या मोकळ्या सोडायचा दिवस आला. रिवाजाप्रमाणे दाव्याला लोणी चोळून झाल्यावर जिपारने चपान घडी करून सासूपुढे धरला.

"आपा, हा तुमचा. महिना झाला, त्याच्याशिवायच काढते मी."

उमसुनाय चमकली. महिनाभर तिच्या लक्षातच आलं नव्हतं! तिने चपान अंगावर चढवला आणि लंगडत करडीकडे गेली. घोडीने बाही हुंगली, मग मान वळवून जिपारकडे पाहत खिंकाळली. उमसुनायने स्वतःच बाही नाकाशी नेली. साबण, खमीर, घाम. तिचं त्यात काही उरलं नव्हतं.

तिला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. तिने दावं सोडलं, घोडीच्या पाठीवर थाप मारली आणि चपान उतरवून सुनेच्या खांद्यावर टाकला.

"हा तुझा. पण मी काय उघडी हिंडू? या हिवाळ्यात मला नवा शिवून दे. कापूस भरपूर घाल. चांगली वीस वर्षं टिकायला हवा."