मुदतीआधी माघारी

हे मी नीताला, म्हणजे माझ्या बायकोलाही, सांगितलेलं नाही. तिच्यापासून मी काही लपवून ठेवू शकतो यावर आमच्या घरात कुणाचा विश्वास बसणार नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या नात्यातले नाही. निदान नसावेत — इंदूरच्या मराठी माणसाचं काही सांगता येत नाही, दोन घरं सोडून तिसरं घर कुठून तरी सोयरं निघतंच.

आधी माझा स्वभाव ऐका. मी संशयी आहे. सियागंजमध्ये माझं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, बिजागऱ्या, कड्या, कुलपं. ज्याचा धंदाच कुलपांचा त्याला सगळं जग चोर दिसायचंच, असं नीता म्हणते. दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत कुणाचंही पहिलं वाक्य मी खरं धरत नाही. यात एक गंमत आहे. सगळ्यांवर संशय घेणाऱ्यावर कुणी संशय घेत नाही. एवढा पारखून घेणारा माणूस स्वतः कशाला खोटं बोलेल? आणि तसं पाहिलं तर मी खोटं बोललोही नाही. तेच तर सांगायचं आहे.

शरद माझा साडू. नीताच्या धाकट्या बहिणीचा, मीनाचा नवरा. हे नातं ज्यांना आहे त्यांना जास्त सांगायला नको — एकाच घरचे दोन जावई, शेजारी शेजारी पाटावर बसायचं आणि तिरक्या नजरेनं एकमेकांच्या वाटीतलं श्रीखंड बघायचं. शरद फौजेत हवालदार होता. आमच्या सासऱ्यांना, अप्पांना, त्याचं कोण कौतुक! त्यांचे पूर्वज संस्थानाच्या फौजेत होते आणि त्या फौजेची तलवार अजून त्यांच्या बोलण्यात होती. मल्हारगंजच्या घरी बैठकीत पाऊल टाकलं की समोरच्या भिंतीवर वर्दीतला शरद. तो फोटो लावायला खिळा मात्र मी दुकानातून नेला होता. मी थोरला जावई, पण त्या घरात माझी किंमत त्या खिळ्याएवढी. हे मला लागायचं का? लागायचं. फार लागायचं.

मग शरद शांतिसेनेतून आफ्रिकेतल्या एका देशात गेला. तिथं सरकार आणि बंडखोर लढत होते आणि आपली तुकडी मध्ये उभी होती. अप्पा येईल त्याला हे ऐकवायचे. आणि एक दिवस शरद घरी आला. मुदत संपायच्या कितीतरी आधी, एकटाच. तुकडी तिकडेच. विचारलं तर म्हणाला, "काम झालं, आलो." बस, एवढंच.

माझ्या मनात पाल चुकचुकली. परदेशातून आलेला माणूस आणि बॅग एवढीशी? अंगावर ओरखडा नाही, मग कसली सुट्टी? आणि दर गुरुवारी हा देवासला कशाला जातो? मीना म्हणे, मित्राला भेटायला. कोण मित्र? त्याच्या लग्नातल्या पंगतीपासून मी याला ओळखतो, देवासच्या मित्राचं नाव कधी ऐकलं नव्हतं.

एका दुपारी तो दुकानात आला. बाथरूमच्या दाराला लावायला कडी हवी होती, पण वेगळी. मला तो इंदुरी थाटात, भैयाचं 'भिया' करून हाक मारतो. "भिया, आतून लावली तरी बाहेरून उघडता आली पाहिजे, अशी काही येते काय?"

कुणाच्या घरी, विचारलं. देवासला, म्हणाला.

मी चहा मागवला. गिऱ्हाइकाला बसवून त्याच्या पोटातलं काढणं मला चांगलं जमतं. खरं सांगू? मला वाटलं, याचं तिकडे दुसरं घर आहे. आता सापडला, म्हणून मला उकळ्या फुटत होत्या. चहा संपेपर्यंत त्यानं सगळं सांगितलं.

त्याच्या तुकडीत देवासचा एक मुलगा होता, मराठीच. एका गावाला संरक्षण द्यायला ते निघाले आणि उशिरा पोचले. तिथं जे दिसलं त्यानंतर त्या मुलाचं बोलणं बंद झालं, मग खाणंही. "माझ्या हातानं तेवढं खायचा, भिया. दुसरं कुणी ताट धरलं तर हात पकडून ठेवायचा. मग मीच साहेबांना बोललो, मी घेऊन जातो याला." साहेबांनी दोघांना पाठवलं. इथल्या हॉस्पिटलात काही दिवस शरदलाच त्याच्याजवळ ठेवलं, मग परत तिकडे न पाठवता लांब सुट्टी दिली. आता तो मुलगा देवासला घरी होता. मध्येच बाथरूममध्ये स्वतःला कोंडून घ्यायचा. म्हणून ती कडी.

"घरात कुणाला बोलू नका हां, भिया. त्याच्या बहिणीची शादी जमतेय. भाऊ असा आहे कळलं तर झालंच मग. अप्पांना तर बिलकुल नको. ते कौतुकानंच गल्लीभर सांगतील." मीनालाही सांगितलं नाही, म्हणाला. मग मला का सांगितलं? "तुम्ही तर विचारल्याशिवाय सोडणारच नाही," असं म्हणून तो हसला.

मी शब्द दिला. कडी शोधून दिली, कशी बसवायची ते दाखवलं. आणि तुम्हाला वाटेल, माझ्या मनावरचं ओझं उतरलं असेल. छे. संशय खोटा ठरला की संशयी माणसाची नुसती फजिती होते. शरद माझ्याहून मोठा आहे हे अप्पांना आधीच माहीत होतं. आता मलाही कळलं.

त्याच सुमारास आमच्या मंडळाची वार्षिक वादविवाद स्पर्धा आली. टीव्हीवर कुठल्या तरी मोठ्या देशाचं सैन्य कुठल्या तरी लहान देशातून निघत होतं, त्यामुळे विषय ठरला — परक्या लढायांतून सैन्य माघारी बोलवावं की नाही? मी 'नाही'च्या बाजूनं. देवास नाक्याच्या पुढे जायचं तर दोनदा टायरची हवा बघणारा मी, आणि सैनिकांनी परदेशात पाय रोवून उभं राहावं असं मी ठासून सांगणार होतो! समोर करमरकर बाई, रिटायर्ड शिक्षिका. त्या शांतपणे म्हणाल्या, शेजारच्या भांडणात आपण आपला मुलगा उभा केला; भांडण कशाचं ते शेजाऱ्यांनाही आठवत नाही; मग त्याला कुठवर उभा ठेवायचा, आणि तो पडला तर त्याच्या आईला काय सांगायचं? टाळ्या पडल्या. मी म्हणालो, निघून येणाऱ्याच्या मागे जे उरतात, ज्यांनी त्याच्या भरवशावर चूल पेटवली, त्यांचं काय? हा मुद्दा वाईट नव्हता. आजही मला तो पटतो. पण टाळ्या कमी पडल्या.

पहिल्या रांगेत अप्पा बसले होते. शेजारी शरद. मी हरतोय हे मला अप्पांच्या चेहऱ्यावर दिसलं — ते माझ्याकडे बघतही नव्हते, शरदच्या कानाशी काहीतरी बोलत होते.

आणि मी म्हणालो — "माघारी येणं सोपं असतं, मंडळी. मुदतीआधी माघारी आलेले आपल्यातही आहेत. विचारा त्यांना, झोप लागते का."

सभागृहातल्या माना वळल्या. कुणाकडे, ते सांगायला नको.

आता हा शब्द बघा. अप्पांच्या घरात 'माघारी' म्हणजे नुसतं परत. बाजारातून माघारी आलात का, मीना माघारी कधी जाणार, असं रोज बोलायचे. पण 'माघार' म्हणजे पाठ दाखवणं, आणि त्या घरात त्याला माफी नव्हती. दोन्हींत एका वेलांटीचं अंतर. कुणी पकडलं असतं तर मी म्हणणार होतो, अहो, परत आले एवढंच म्हणालो. आतून लावलेली आणि बाहेरून उघडणारी कडी — माझ्याकडे तो माल होताच.

पहिला नंबर मला मिळाला. शरदनं टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या की दाखवायला? त्या टाळ्या मी आजपर्यंत किती वेळा तपासल्या आहेत! काही सापडत नाही.

इथवर तुम्ही म्हणाल, जीभ घसरली. मीही स्वतःला तेच सांगत आलो. पण कबुली द्यायची आहे ती याच्या पुढची.

सभागृहातून मी अप्पांना स्कूटरवरून घरी सोडलं. दारात उतरल्यावर त्यांनी माझा दंड धरला. म्हातारा माणूस, पण पकड फौजेची. म्हणाले, "जावईबापू, साफ सांगा. शरदनं माघार घेतली काय?"

नाही. एवढं दोन अक्षरी उत्तर होतं. बहीण, हॉस्पिटल, देवास — काही सांगावं लागलं नसतं. दिलेला शब्द मोडला नसता. 'नाही अप्पा, तसलं काही नाही' म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं, कारण मी सगळं पारखून घेणारा माणूस.

मी म्हणालो, "जाऊ द्या ना, अप्पा."

त्यांनी माझा दंड सोडला आणि जिना चढून वर गेले.

पुढच्या वेळी गेलो तर शरदचा फोटो भिंतीवर नव्हता. भिंत रंगवायची आहे, अप्पा म्हणाले. भिंत काही रंगली नाही. थोड्या दिवसांनी त्याच खिळ्यावर मी होतो, हातात मंडळाची ढाल घेऊन. मीना विचारायला गेली तर अप्पांनी विषय बदलला. ती बरेच सण माहेरी आली नाही. नीता मला विचारायची, अप्पांना अचानक झालं तरी काय? मी म्हणायचो, वय झालं.

शरदनं फौज सोडली. इंदूरबाहेर सिमरोलला कॉलेजच्या कॅम्पसमध्ये सिक्युरिटीचं काम बघतो. देवासच्या त्या मुलाच्या बहिणीचं लग्न झालं, तिला मूल झालं. तो मुलगाही सुधारला, आता देवासलाच एका दुकानात बसतो. शरदनंच मला आनंदानं सांगितलं. म्हणजे आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. माझ्याशिवाय.

अप्पा अंथरुणाला खिळले तेव्हा शरद सिमरोलहून रोज यायचा. त्यांची कूस बदलायचा, घासभर का होईना भरवायचा. ते त्याच्या हातानं खायचे, माझ्या हातानं नाही. एकदा आम्ही दोघं समोर असताना अप्पा म्हणाले, "लढाईत नाही, पण इथं तरी टिकलास बाबा." शरदनं मान खाली घातली आणि चमचा पुढे केला. मी औषधांची पिशवी हातात घेऊन उभा होतो. बोलायला जागा होती, वेळ होता, अप्पांचे कान शाबूत होते. मी पिशवीतून गोळ्या काढत राहिलो.

अप्पा तेच मनात धरून गेले.

शरदला माहीत असेल का? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं आहे माझं. तो दिवाळीला आधी माझ्या पाया पडतो — का? दुकानात येताना माझ्या आवडीची सेव आणतो — का? एखाद्या दिवशी तोंडावर बोलेल म्हणून मी वाट बघतो. तो माझी तब्येत विचारतो.

परवा सगळे मल्हारगंजला जमलो होतो. बोलता बोलता शरद उठला, भिंतीजवळ गेला. माझा फोटो एका बाजूला कलला होता. त्यानं तो दोन्ही हातांनी सरळ केला, जरा मागे होऊन बघितलं. फोटो पुन्हा कलला.

"भिया, खिळा ढिला झालाय. दुकानातून एखादा मजबूत आणा ना."

मी आणला. स्टुलावर चढून मीच ठोकला. खाली शरद स्टूल धरून उभा होता. मग त्यानं माझा फोटो माझ्या हातात दिला आणि मी तो लावला.