न बसलेलं दार

जगातली प्रत्येक वस्तू थरथरते आणि ती किती थरथरते हे मोजल्याशिवाय तिच्यावर विश्वास टाकू नये, असं मानणारा माणूस साऱ्या खानदेशात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. दीपनगरच्या वीजकेंद्रात पंख्यांचे आणि पंपांचे हादरे मोजण्यात त्यांची नोकरी सरली. निवृत्त होताना लोक घड्याळ घेतात, शाल घेतात. यांनी भंगारात निघालेलं कंप मोजायचं यंत्र रीतसर मागून आणलं आणि स्वतः दुरुस्त केलं. चामड्याची पेटी, आत काटा, वायरीच्या टोकाला पेन्सिलीएवढी दांडी. दांडी वस्तूला टेकवायची आणि काटा कुठे जातो ते बघायचं. आमच्याकडे जेवायला आले की आधी मिक्सर, मग पंखा आणि मग पान. माझ्या स्कूटरला दांडी लावून त्यांनी अशी काही मान हलवली की मी आठवडाभर शाळेत सायकलने गेलो. जामनेरकडच्या एका मळ्यात भरीत पार्टी होती, तिथे वांगी कांडणाऱ्याला त्यांनी मध्येच थांबवलं. "ठोका एकसारखा पडत नाही, भाऊ," म्हणाले आणि वांगी कांडायच्या लाकडी बडगीला दांडी लावून बसले. भरीत गार झालं. मी मराठीचा मास्तर. थरथर, कंप आणि हादरा हे माझ्या लेखी समानार्थी शब्द. त्यांच्या लेखी ते तीन वेगवेगळे आजार होते. त्यामुळे त्यांच्याशी बोलताना मी बहुधा नुसता "हो का?" म्हणत असे.

निवृत्तीनंतर त्यांनी जळगावात आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं, ते तिथे नवी लिफ्ट बसत होती म्हणून. त्यांची मोठी बहीण, अक्का, बोदवडजवळच्या खेड्यात एकटी राहत होती. आई लवकर गेल्यावर साडूभाऊंना तिनेच वाढवलेलं. आता तिला स्वतःकडे आणायचं होतं, पण तिचे गुडघे गेले होते, जिना शक्य नव्हता आणि लिफ्टची तिने धास्ती घेतलेली. भुसावळला एकदा दवाखान्यातल्या लिफ्टचं दार तिच्या पाठीमागे धाडकन आदळलं होतं, तेव्हापासून तिचं एकच म्हणणं, "दार आदयते, मले भेव लागते. मी अठीच बरी." आमच्या लिफ्टचं दार पहिल्याच खेपेला खडखडलं असतं, तर अक्का आल्या पावली बोदवडला परतली असती आणि पुन्हा कधी आली नसती. साडूभाऊंना हे पक्कं ठाऊक होतं.

दोन्ही बाजूंनी आपोआप सरकणारं दार आमच्या गल्लीत नवलाचंच होतं. सोसायटीचा अध्यक्ष दुर्दैवाने मी. साडूभाऊ बरं म्हणतील तेव्हाच लिफ्ट ताब्यात घेऊ, असं मी उत्साहाच्या भरात लिफ्टच्या मेस्त्रीला सांगून बसलो आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. साडूभाऊ चौकटीला दांडी लावायचे, मेस्त्री दार उघडून लावायचा, काटा उडायचा.

"साहेब, दार लागतंय, उघडतंय. आता काय राहिलं?" मेस्त्री विचारायचा.

"दार बसवलंय रे, पण बसलेलं नाही."

मेस्त्री माझ्याकडे बघायचा. मी व्याकरणाने तो प्रश्न सोडवू पाहायचो आणि अधिकच गोंधळायचो. तोवर अख्खी सोसायटी जिन्याने धापा टाकत होती आणि वर पोचून माझ्या नावाने बोटं मोडत होती.

गोंधळाला पुढे आणखी फाटे फुटले. मेस्त्री रूळ सरळ करून जायचा, संध्याकाळी काटा खाली आलेला असायचा आणि सकाळी पुन्हा वर. साडूभाऊंनी यंत्र उघडून पुसलं, पुन्हा जोडलं, जेवण सोडलं. असं कसं होतं ते त्यांना उमगेना, आणि त्यांनाच उमगेना म्हटल्यावर मला तर घेरीच आली. शेवटी दार सरकतं त्या उंबरठ्यातल्या चरीत मेस्त्रीला करवंटीचा तुकडा सापडला, मग दुसरा, मग कुंकवाचा लगदा. तळमजल्यावरच्या नानींनी कबुली दिली. "दार थरथरते मने. कानबाई देवीसमोर अंगात आलेल्या बाया थरथरतात तसंच ना? काही मागून रायलं असंन, म्हनून रोज पहाटे नारळ फोडला बाप्पा." मला वाटलं, आता साडूभाऊ पेटणार. ते नुसते मटकन पायरीवर बसले आणि म्हणाले, "नानी, तुमचं चुकलं नाही. पण नारळ फाटकाजवळ फोडा. अक्का यायची आहे."

चर साफ झाली, मेस्त्रीने दाराच्या तळचे, चरीतून सरकून झिजलेले तुकडे बदलले आणि एका दुपारी काटा जागचा हलेना. यंत्र बिघडलं असावं असं मला वाटलं. साडूभाऊ मात्र तडक बोदवडच्या गाडीला निघाले.

आता साडूभाऊ नाहीत, अक्काही नाही. ते यंत्र काय सांगायचं ते मला आजही धड सांगता येणार नाही. पण अक्का आली तो दिवस लख्ख आठवतो. ती लिफ्टपाशी आली, पदर दातांत धरला, डोळे गच्च मिटले आणि भावाचं मनगट पकडून आत शिरली. मी तिची वळकटी घेऊन मागे. दार लागलं, लिफ्ट वर गेली, तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं, समोर साडूभाऊंच्या घराचं तोरण दिसू लागलं. अक्काचे डोळे तसेच मिटलेले.

"काहून रे भाऊ," ती म्हणाली, "दार लावत नई का अजून?"

साडूभाऊंचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, मनगट अक्काच्या मुठीत होतं. शेवटी मीच म्हणालो, "अक्का, घर आलं."