शेवटच्या पानावरचे वाघमारे

यादीत पवार राहतात, मुकणे राहतात आणि फक्त वाघमारेच गळतात, तर तुम्ही काय समजाल? मीही तेच समजलो. १९९२ ची दिवाळी झाली आणि आदिवासी वाडीवरची तीस-चाळीस माणसं घेऊन मी पनवेलच्या रेशनच्या कचेरीत घुसलो. रेशनकार्डाची शेवटची यादी शुक्रवारी निघणार होती. शनिवारी वाडीवरच्या सोनाबाई वाघमारेचं घरदार कामासाठी वीटभट्टीच्या ट्रकमध्ये बसणार होतं. नाव गळलं की पुढच्या पावसाळ्यापर्यंत कार्ड नाही.

कॉम्प्युटरवर ललिता होती. आपटा गावची, दहावी पास, टायपिंगची परीक्षा दिलेली. यादीचा प्रोग्रॅम तिने झेरॉक्स काढलेल्या पुस्तकावरून शिकून स्वतः लिहिला होता.

"जात बघून नावं उडवता काय?" मी टेबलावर हात आपटला.

"आपटू नका, मशीन हलतं. आणि तुमच्या वाडीतले पवार कोण, ब्राह्मण?"

मी टेबलावरचा हात काढून घेतला.

"नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लागतात. वाघमारे सगळ्यात शेवटी," ती म्हणाली.

प्रोग्रॅम सुरू झाला की जुनी यादी पुसून नवी लावायचा. त्याला चार मिनिटं लागायची. तेवढ्यात दिवा लुकलुकला की हेडक्लार्क कृष्णकांत भाऊसाहेब वीज जाईल म्हणून घाबरून कंट्रोल आणि सी ही बटणं दाबायचे. प्रोग्रॅम थांबायचा, वीज बहुधा जायचीच नाही, आणि शेवटची नावं लागायची राहिलेली यादी तशीच छापून वर जायची.

"त्यात काय, बटणच उपटून ड्रॉवरमध्ये टाकतो," भाऊसाहेब म्हणाले.

"ब्रेक काढला की एसटी जपून चालते का, भाऊसाहेब? माणूस थांबवणारच. चूक माझी आहे. मधेच थांबवलं तर काय करायचं ते मी प्रोग्रॅममध्ये लिहिलंय, पण यादी लावायच्या ओळींनंतर. सुरुवातीची चार मिनिटं उघडीच राहिली."

चूक माझी आहे, हे वाक्य कुठल्याही कचेरीत मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

दोन दिवस ती त्यावर बसली. थांबवण्याचा बंदोबस्त तिने सगळ्यात वरच्या ओळीत नेला. नवी यादी आता वेगळी तयार होणार, पुरी झाली तरच जुन्या यादीच्या जागी बसणार. मधे कुणी थांबवलं तर प्रोग्रॅमने अर्धीमुर्धी यादी पुसायची, तसं सांगायचं आणि निमूट बाहेर पडायचं.

डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानणार नाही, असं मी बजावलं होतं. शुक्रवारी सोनाबाईलाच घेऊन गेलो. प्रोग्रॅम सुरू झाला.

"ही दोन बटणं दाबा, मावशी," ललिता म्हणाली.

"मी? मोडंल ना बाय!"

"मोडलं तर माझं. दाबा."

"आमी हात लावल्यावर इटाळ नाय ना होत याला?"

भाऊसाहेब सोडून सगळे हसले. सोनाबाईने दोन बोटांनी बटणं दाबली. पडद्यावर इंग्रजीत ओळ आली. ललिताने ती वाचली, "काम थांबवलं. जुनी यादी जशीच्या तशी आहे." असं तीनदा केलं. चौथ्यांदा प्रोग्रॅम पुरा चालू दिला आणि यादी छापली. शेवटच्या पानावर सगळे वाघमारे होते. सोनाबाईने आपलं नाव दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्या दिवशी ट्रक गेला.

ललिताची माफी मी मागितली नाही, तिनेही ती अपेक्षिली नाही.

तुमच्याही कचेरीत यादी लावणारं यंत्र असेल. ते सुरू होत असताना एकदा मुद्दाम मधेच थांबवा, मग यादीचं शेवटचं पान मागून घ्या आणि त्यावर कोण उरलंय ते स्वतः वाचा.