बाहेरच्यांसाठी सहा जागा

बेंगळुरूत मल्लेश्वरमच्या एका नर्सिंग होममध्ये भाग्यलक्ष्मी चोवीस वर्षं नर्स आहे. तान्ह्या पोराच्या हाताची नस सापडत नसेल, म्हातारीचा हात सुकून काडी झाला असेल, दोघी-तिघींनी टोचून टोचून पेशंटला रडवलं असेल, की शेवटी डॉक्टर म्हणतात, "भाग्यक्काला बोलवा." ती येते, सगळ्यांना बाजूला सारते आणि पहिल्याच झटक्यात सुई जागेवर बसवते. ही करामत तिने कुणाला म्हणून शिकवलेली नाही. कुणी बघायला वाकलं की ती मुद्दाम पाठ आडवी घालते. पोटची पोर रक्षिता, तिनेही चार-पाचदा मागितलं. "आधी डिग्री कर, मग बघू," एवढंच उत्तर मिळालं.

डिग्री हे तिचं जुनं दुखणं. अठराव्या वर्षी तिने चेन्नईच्या सरकारी नर्सिंग कॉलेजचा फॉर्म मागवला होता. "पोरगी राज्याबाहेर? जमणार नाही," म्हणून वडिलांनी तो फाडला, आणि तिने इथेच तीन वर्षांचा डिप्लोमा केला. तेव्हापासून डिग्रीवाली दिसली की तिच्या अंगाची लाही होते. गेल्या वर्षी अक्षरा नावाची सव्वीस वर्षांची मुलगी नोकरीला लागली आणि सहा महिन्यांत वॉर्डची इनचार्ज झाली. औषधाच्या कपाटाच्या चाव्या अक्षराच्या कमरेला, आणि भाग्यलक्ष्मीची रजा मंजूर करणार अक्षरा. नस मात्र तिला सापडत नाही, हे भाग्यलक्ष्मी बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईलासुद्धा सांगते.

तेव्हा रक्षिताने डिग्री करायची, तीही सरकारी कॉलेजात, आणि राज्याबाहेरच, हे घरात ठरलेलं होतं. नवरा नागोजी बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात; पहाटे कंपनीच्या बसने जाणार, संध्याकाळी थकून येणार. तो म्हणाला, "सरी, तू म्हणशील तसं." विदर्भातलं एक सरकारी विद्यापीठ भाग्यलक्ष्मीने हेरून ठेवलं होतं. तिथे बाहेरच्या राज्यांतल्या मुलींसाठी सहा जागा होत्या. देशभरातून हजारो मुली बसणार, आणि जागा सहा.

त्यात माशी शिंकली ती वरच्या मजल्यावर. भाग्यलक्ष्मी राहायची त्या राजाजीनगरच्या इमारतीत दोन वर्षांपूर्वी पुण्याहून वीणा आणि सूर्यकांत कानिटकर राहायला आले होते. दोघं आयटीत, मुलगी सिद्धी रक्षिताच्याच वयाची. पोरींचं मेतकूट जमलं. पण वीणा भाग्यलक्ष्मीच्या डोळ्यांत पहिल्या दिवसापासून खुपली. तिचं ते खळखळून हसणं, ते "अय्या, स्वल्प म्हणजे थोडं का? किती गोड बोलता हो तुम्ही!" आणि एकदा रक्षिताचं शाळेचं पुस्तक उचलून विचारलेला तो प्रश्न: "रक्षिता एन.? म्हणजे तुम्हाला आडनावच नाही?"

आडनाव होतं. मोहिते. साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेलं घराणं होतं ते. पण आडनाव निघायचं लग्नपत्रिकेत आणि देवकार्यात. शाळेच्या कागदांवर इथल्या रिवाजाप्रमाणे बापाच्या नावाचं एक अक्षर. भाग्यलक्ष्मी हे सगळं सांगू शकली असती. पण शब्द जुळले ते वीणा वर निघून गेल्यावर, आणि मग दोन वर्षं ती ते उत्तर मनात घोळवत राहिली.

आणि आता त्याच वीणाची मुलगी म्हणाली, मलाही नर्सच व्हायचंय. फॉर्मही त्याच कॉलेजचा.

"ह्यांना डॉक्टर नाही, इंजिनियर नाही, नेमकं माझ्याच ताटात हात घालायचा?" भाग्यलक्ष्मी नागोजीवर उखडली. नागोजी जेवत राहिला. एकाच गोष्टीने तिला जरा बरं वाटलं. सिद्धीची अकरावी-बारावी बेंगळुरूची, त्यामुळे ती पुण्याची असूनही तिकडे बाहेरचीच धरली जाणार होती, घरच्यांची सवलत तिला नव्हती.

फॉर्म भरून देणाऱ्या विश्वेश्वरच्या दुकानात भाग्यलक्ष्मी रक्षिताला घेऊन गेली, तेव्हा तिने सिद्धीच्या फॉर्मची प्रत आधीच बघितलेली होती. सिद्धी सूर्यकांत कानिटकर. कसं भरघोस दिसत होतं ते! विश्वेश्वरने टाइप केलं, रक्षिता एन.

"असं नको. रक्षिता नागोजी मोहिते घाला."

"अक्का, टेन्थच्या मार्क्स कार्डावर हाय तसंच घालायचं असतं. उगी गोंधळ होईल."

"तिकडे मराठी लोक बसलेत. 'एन' बघून त्यांना काय कळणार? मोहिते बघितलं की कळंल, आपल्यातलीच म्हणून."

"अम्मा, नको," रक्षिता हळूच म्हणाली. पण अम्माच्या डोळ्यांसमोर वीणा हसत होती. विश्वेश्वरने खांदे उडवले आणि आडनाव घातलं.

प्रवेश परीक्षेच्या केंद्रावर अर्जातलं नाव आणि आधार कार्डावरचं जुळेना, तेव्हा हमीपत्रावर सही घेऊन रक्षिताला आत सोडलं. तिने घरी सांगितलं, भाग्यलक्ष्मीने "सोडलं ना? मग झालं," म्हणून विषय मिटवला.

यादी लागली. बाहेरच्या सहा जागांत सहावी रक्षिता. प्रतीक्षा यादीत पहिली सिद्धी.

भाग्यलक्ष्मीच्या जिवाचं त्या दिवशी सोनं झालं. ती मैसूरपाक घेऊन वर गेली. सांत्वन करायला, असं नागोजीला म्हणाली. खरं म्हणजे तिला वीणाचं तोंड बघायचं होतं. आणि वीणाने काय करावं? रक्षिताला पोटाशी धरलं आणि म्हणाली, "शाब्बास गं पोरी." भाग्यलक्ष्मी खाली आली ती चडफडतच. हिला वाईट वाटू नये म्हणजे काय! मिळालेलं सुखसुद्धा ही बाई धड भोगू देत नाही.

पाच दिवसांनी कॉलेजचा मेल आला. अर्जातलं नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळत नाही. दोन्ही नावं एकाच मुलीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, आईवडिलांच्या सह्यांसह, तीन दिवसांत पाठवा. न आल्यास जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या उमेदवाराला जाईल.

म्हणजे सिद्धीला.

"वर एक शब्द बोलायचा नाही," भाग्यलक्ष्मीने रक्षिताला दम भरला. पहिला दिवस प्रतिज्ञापत्र कुठे आणि कसं करतात ते विचारण्यात गेला. विश्वेश्वर म्हणाला, नोटरी लागेल, स्टॅम्प पेपर लागेल, मजकूर नीट इंग्रजीत लागेल. नागोजीने रात्रीच कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही करून ठेवली. दुसऱ्या दिवशी रजा घ्यायला हवी होती. रजा मागायची तर अक्षराकडे. कशासाठी, असं तिने विचारलं तर काय सांगायचं, माझ्या हट्टापायी पोरीची जागा चालली म्हणून? तो दिवसही तिने ड्युटीत घालवला. एवढा अहंकार कुणी करतं का! पण तिने केला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. वीणा उभी, हातात गाडीची किल्ली.

"ताई, चला, आज नोटरी करून टाकू. मजकूर मी लिहून आणलाय. रक्षिताने सिद्धीला सांगितलं सगळं."

भाग्यलक्ष्मीने रक्षिताकडे बघितलं. रक्षिताने नजर चुकवली. मजकूर भाग्यलक्ष्मीने तीनदा वाचला. कुठे खोट आहे का, कुठे एखादी तारीख मुद्दाम चुकवली आहे का, म्हणून ओळ न् ओळ चाचपली. खोट नव्हती. तिने अक्षराला फोन करून आज येत नाही एवढंच सांगितलं आणि गाडीत बसली. पोरी मागे बसल्या.

नोटरीचा शिक्का पडला, कागद मेलने गेला, पोच आली. परतताना पोरी मेट्रो स्टेशनपाशी उतरल्या. पुढच्या सिग्नलला भाग्यलक्ष्मीला राहवेना.

"वीणा मॅडम, हे झालं नसतं तर जागा सिद्धीला होती. ठाऊक हाय ना तुम्हाला?"

"माहितीये." वीणा समोर बघत राहिली. "मला परवाच कळलं होतं. मी सिद्धीला म्हणाले, आपण गप्प बसायचं. ती म्हणाली, आई, तू नाही गेलीस तर मी रक्षिताला घेऊन रिक्षाने जाईन. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. शेवटी आज सकाळी उठले मी." मग ती म्हणाली, "खरं सांगू ताई? फार हेवा वाटतो मला तुमचा."

हे वाक्य ऐकायला भाग्यलक्ष्मीने दोन वर्षं वाट बघितली होती. खोटं कशाला सांगायचं, ते तिला गोडच लागलं. पण सिग्नल सुटेपर्यंतच. हिची पोर आपल्या आईशी भांडली, स्वतःची जागा सोडून; आणि आपण तिच्या फॉर्मकडे बघून आडनाव चिकटवत होतो.

रक्षिताची जागा पक्की झाली. सिद्धीने बेंगळुरूतल्याच एका खासगी कॉलेजात नाव घातलं. रक्षिता निघायच्या आदल्या दिवशी दुपारी सिद्धी बॅग भरू लागायला खाली आली.

"सिद्धी, इकडे ये स्वल्प," भाग्यलक्ष्मीने हाक मारली. तिने पातळ टॉवेल आपल्या डाव्या दंडाला आवळून बांधला आणि हात मांडीवर उताणा ठेवला. "दोन बोटं ठेव इथे. डोळे मीट. नस बघायची नाही, चाचपायची. जिथे दाबलं की परत वर उसळतं ना, ती. नुसतं घट्ट लागलं तर तो स्नायूचा दोर, तो सोड."

सिद्धीने डोळे मिटले. बोटं मनगटावरून वर सरकली, कोपराच्या अलीकडे थांबली. "काकू, ही?"

"हां. हीच."

दारात रक्षिता उभी होती, हातात घडी घातलेला पांढरा ड्रेस.

"मला नाही कधी दाखवलंस, अम्मा," ती म्हणाली. "मी किती वेळा विचारलं."

भाग्यलक्ष्मीने मान वर केली. पोरीचे ओठ घट्ट मिटले होते, नाकपुड्या फुगल्या होत्या. अक्षराने पहिल्यांदा त्या चाव्या कमरेला खोचल्या, तेव्हा आपलं तोंड कसं झालं असेल ते तिला आज दिसलं.

"ये ना. बस."

रक्षिता आली नाही. आत गेली आणि बॅगेत कपडे आदळू लागली. सिद्धी उठायला लागली, तर भाग्यलक्ष्मीने तिला खांद्याला धरून खाली बसवलं. पोर येणार याची तिला खात्री होती. असं पोटात जळत असताना माणूस फार वेळ लांब राहू शकत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिने डाव्या दंडाचा टॉवेल सोडून रक्षितासाठी उजव्याला बांधला आणि वाट बघत बसली.